गोड बोलणारा धुळाजी

धुळाजीला मरून अकरा वर्षं झाली होती, आणि नातीच्या लग्नात तो बोलला.

गेवराईच्या बायपासला लागून असलेल्या मंगल कार्यालयात करिष्माचं लग्न होतं. अक्षता पडल्या, माणसं पंगतीकडं वळू लागली, तेवढ्यात पंडितनं माईक हातात घेतला. "पाहुण्यांनी दोन मिनिटं बसून घ्यावं," तो म्हणाला. "आज माझ्या लेकीला आशीर्वाद द्यायला आमचे दादा आलेत."

बायनाबाई पहिल्या रांगेत सोफ्यावर बसली होती. दादा म्हणजे पंडितचा बाप, तिचा नवरा. तिला वाटलं, लेक फोटोला हार घालणार असंल. पण स्टेजमागच्या मोठ्या पडद्यावर ढग आले, ढगांतून पांढरं धोतर आणि गुलाबी फेटा आला, आणि फेट्याखाली धुळाजीचा चेहरा. रंग उजळलेला, दात एकसारखे, उसाच्या पात्यानं गेलेला डावा डोळा अगदी सरळ. चालत चालत तो पुढं आला, पडद्यावरच्याच करिष्माच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाळा, सुखानं नांद." मग त्यानं मान वळवली.

"बायना, तू माझ्यासाठी लई कष्ट केलेस. माझ्याकडून कधी काही चुकलं असंल, तर मला माफ कर."

बायनाबाईनं आधी मागं वळून पाहिलं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात धुळाजीनं तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. 'ए' म्हणायचा, नाहीतर 'कुठं मेलीस'. त्यामुळं ही बायना दुसरीच कुणीतरी असणार, असं तिला क्षणभर खरंच वाटलं.

अख्खं कार्यालय रडत होतं. करिष्मा रडत होती, नवा जावई शिवशंकर रुमाल शोधत होता. पंडितनं येऊन आईच्या पायावर डोकं ठेवलं. कॅमेरेवाल्यानं उजेड तिच्या तोंडावर धरला आणि तो वाट पाहत उभा राहिला. तिच्या डोळ्यांतून काही आलं नाही. "सासूबाईंना धक्का बसलाय," सून सुरेखा शेजारच्या बाईला म्हणाली.

हात धुवायच्या नळापाशी वत्सलाबाई भेटली. धुळाजीची थोरली बहीण, धारूरला दिलेली. तरुणपणी सगळे एकाच टोळीत ऊस तोडायला जायचे. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "बोलला गं शेवटी माजा भाऊ."

"तो न्हाई बोलला, वन्सं."

"न्हाई बोलला, मला म्हाईत हाय." वत्सलाबाईनं नळ बंद केला. "म्हणून तर रडू आलं. जित्तेपणी असा असता तर आपलं काय बिघडलं असतं?"

"तुमी व्हतात त्या साली. तुमी बघितलंय समदं."

"बघितलं. आता लेकरांचा आज्जा गोड झालाय, तर होऊ दे. कावून उकरतीस?"

बायनाबाईला नणंदेचा राग आला नाही, राग आला तो स्वतःचा. कारण 'माफ कर' हे शब्द कानावर पडले तेव्हा तिच्या छातीत वर्षानुवर्षं आवळून बसलेलं काहीतरी चटकन सैल झालं होतं. तिनं सांगितलं नव्हतं, परवानगी दिली नव्हती, तरी झालं होतं. खोट्या माणसाच्या खोट्या बोलण्यानं खरोखरचं बरं वाटावं, याची तिला शिसारी आली.

लग्नघर मोकळं झाल्यावर चौथ्या दिवशी डोळ्याचं औषध आणायचं सांगून ती चकलांब्याहून एसटीनं गेवराईला गेली आणि विचारत विचारत मुजाहिदच्या स्टुडिओत पोचली. लग्नातला तो पडदा त्याचाच होता. मुजाहिद चाळिशीतला, बोलायला मऊ. त्यानं तिला पंख्याखाली बसवलं, चहा सांगितला.

"मावशी, तुमच्याकडं दादांचा एकच फोटो निघाला. मतदान कार्डावरचा." त्यानं कॉम्प्युटरवर तो मोठा करून दाखवला.

काळपट चेहरा, मिटलेलं तोंड, एक डोळा तिरका. कुणावर तरी आता डाफरणार असा. बायनाबाईचा उजवा हात आपोआप डाव्या कोपराकडं गेला.

"हा," ती म्हणाली. "हा हाय खरा."

"हा लग्नात कसा दाखवायचा? डोळा नीट केला, जरा हसवलं. लोकं रडले, मलाबी बरं वाटलं."

"आनि आवाज? आवाज कुठून आणला?"

"आवाज नव्हताच. पंडितभाऊ बोलले. तुमी बसलात ना, त्याच खुर्चीत बसून. मी फक्त जरा म्हातारा केला."

"ते माफ कर म्हणला, तेबी पंडितच?"

"तेच की."

चहा तिथंच राहिला. परतीच्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. पंडित बोलला होता. म्हणजे पंडितला ठाऊक होतं. सात वर्षांचा पंडित त्या दिवशी कोपीच्या तोंडाशी पाण्याची घागर घेऊन उभा होता. साताऱ्याकडच्या कारखान्याच्या फडावर उसाच्या पाचटाची ती झोपडी. तिच्या अंगात ताप होता, ती घटकाभर टेकली म्हणून धुळाजीनं बैलगाडीच्या जूची शिवळ उपसली, चांगली हातभर लांब लाकडी खुंटी, आणि तिच्या डाव्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. घागर खाली पडली नाही. पोरानं ती घट्ट धरून ठेवली होती, एवढंच तिला आठवत होतं.

म्हणजे पोरानं ते पोटात ठेवलं होतं. अडतीस वर्षं. तोंडानं बोलता येईना म्हणून बापाच्या तोंडून बोलला. एसटीतून उतरल्यावर तिनं त्याला आवडते म्हणून पावशेर गोडीशेव घेतली.

पंडितचं खताबियाण्याचं दुकान गावातच होतं. ऊन टळटळीत, गिऱ्हाईक नव्हतं. ती पोत्यावर बसली. शेवेचा पुडा त्याच्यापुढं ठेवला.

"पंडित, तू माफी मागितलीस, बरं केलंस बाबा."

"कशाची माफी?"

"पडद्यावर. मुजाहिद म्हणला, आवाज तुजा हाय."

पंडित ओशाळून हसला. "गावात कुणाला सांगू नको. दादांचा आवाज कुठून आणणार? मीच बोललो."

"त्येच म्हणते मी. तू बोललास."

"अगं, बोललो म्हणजे कागद वाचला. मजकूर त्याच्याकडं तयारच असतो. वारलेल्या आज्ज्याचा येगळा, आजीचा येगळा, बापाचा येगळा. आपण निस्ती नावं सांगायची."

पुड्यातली शेव त्यानं तोंडात टाकली. बायनाबाई त्याच्या चावणाऱ्या तोंडाकडं पाहत राहिली. मग तिनं पदर मागं सारला आणि डावा हात पुढं केला. कोपरापाशी तो वाकडा जुळलेला होता.

"आनि ह्ये?"

"त्याचं काय आता? दुखतोय का?"

"तुज्या बापानं मोडला. शिवळीनं. तू घागर घिऊन उभा व्हतास."

पंडितचं चावणं थांबलं. त्यानं आईकडं पाहिलं, त्या पाहण्यात चोरटेपणा नव्हता. काळजी होती. "आई, तू गाडीवरून पडलीस."

"न्हाई पडले."

"पडलीस की. ढवळ्या बैल बुजला, उसाच्या वाढ्याची पेंढी सुटली आणि तू डाव्या चाकापाशी पडलीस. मला दिसतंय ना अजून. चाक अगदी हातभरावर थांबलं हुतं."

यातला शब्दन् शब्द तिचाच होता. हात मोडला त्या दुपारी मुकादमाला तिनं सांगितलं, गाडीवरून पडले. कारखान्याच्या डॉक्टरला तेच सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंडित तिच्या अंगाला चिकटून 'आई, दादानं...' एवढंच बोलला, तेव्हा तिनं त्याचं तोंड हातानं झाकलं. म्हणाली, 'दादानं काय न्हाई केलं. तू झोपला व्हतास. तुला सपान पडलं.' आणि मग त्याला ढवळ्या दिला, वाढ्याची पेंढी दिली, चाक दिलं. पोराचा जीव थाऱ्यावर येईना म्हणून चार-पाच दिवस रोज नव्यानं सांगितलं. चाक हातभरावर थांबलं, हे तर त्याला हायसं वाटावं म्हणून तिनं मागाहून घातलं होतं. पोरगं हळूहळू शांत झालं, बापाच्या मांडीवर जाऊन बसू लागलं. तेव्हा तिला वाटलं होतं, आपण लेकराला वाचवलं.

पंडित खोटं बोलत असता तर तिला भांडता आलं असतं. त्याला खरंच दिसत होतं.

"म्या सांगितलं व्हतं तुला तसं," ती म्हणाली. "तू भ्याला व्हतास म्हणून."

"बरं," पंडित म्हणाला. लहान पोराला म्हणावं तसं. "उन्हाची आलीस तू. घरी जा, पड जराशी."

त्यानंतर ती बरेच दिवस काही बोलली नाही. पण दिवाळीला करिष्मा आणि शिवशंकर आले, फराळ करता करता कुणीतरी टीव्हीवर लग्नाची ती चित्रफीत लावली, आणि शिवशंकर सहज म्हणाला, "आजोबा म्हणजे देवमाणूस हुते."

"देवमाणूस न्हवता," बायनाबाई म्हणाली. आवाज न चढवता तिनं सगळं सांगितलं. फड, ताप, शिवळ, हात. त्याच्या आधीचं सांगितलं, नंतरचंही. सांगताना तिला वाटलं, एवढं सलग आपण आयुष्यात कधी बोललो नाही.

करिष्मानं बापाकडं पाहिलं. पंडितनं मान हलवली, हळूच, नाही म्हणून. सुरेखा जावयाला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटली, "लग्नापासनं असंच चाललंय त्यांचं."

करिष्मा उठून आजीजवळ येऊन बसली. मायाळू पोर होती. आजीचा वाकडा हात तिनं मांडीवर घेतला आणि कुरवाळत म्हणाली, "बरं, समज झालंबी असंल काही. पण आजी, आजोबांनी सगळ्या पाहुण्यांसमोर माफी मागितली ना? मग आता कावून धरून बसायचं?"

बायनाबाईनं नातीच्या तोंडाकडं पाहिलं. एकवीस वर्षांची पोर. तिच्या लेखी माफी मागून झाली होती, हिशेब मिटला होता, आणि माफ न करणारी एकटी म्हातारी तेवढी उरली होती.

पाडवा झाल्यावर पंडित तिला गेवराईच्या एका डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनं तिला वार विचारला, महिना विचारला, सकाळी काय खाल्लं ते विचारलं. तिनं सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर पंडितकडं वळला. "मग त्रास नेमका काय आहे?"

"न झालेल्या गोष्टी आठवतात, साहेब."

डॉक्टरनं मान डोलावली आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी झोप येई. दुपारी ओसरीवर बसल्या बसल्या डोळा लागे, जाग आली की सकाळ की संध्याकाळ ते चटकन कळत नसे. तिनं एकदोनदा गोळी तोंडात धरून थुंकायचा बेत केला, पण सुरेखा पाण्याचा तांब्या घेऊन, गिळेपर्यंत समोर उभी राहायची. सुरेखा वाईट नव्हती. सासूचं तिनं कधी काही कमी केलं नव्हतं.

बायनाबाईला छळणारी गोष्ट दुसरीच होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. धुळाजीचा खरा चेहरा तिला आता आठवेनासा झाला होता. ती मुद्दाम डोळे मिटून फडावरची ती दुपार समोर आणायची. कोपी यायची, पाचटाचा वास यायचा, शिवळ वर जाताना दिसायची. पण ती धरणाऱ्याचा डोळा सरळ असायचा, दात पांढरे असायचे, आणि तो हसत असायचा. मारणारा हसतोय, हे तर झालंच नव्हतं. म्हणजे डॉक्टर म्हणतो तेच खरं असंल, असं एका दुपारी तिच्या मनात आलं. ती घाबरून उठून बसली.

माघात मुजाहिद गावात एका हळदीला आला होता. पंडितनं त्याला घरी बोलावलं. मुजाहिदनं बायनाबाईच्या पदराला छोटा माईक लावला. पंडित खाली बघत म्हणाला, "आई, दोन-चार वाक्यं बोल. तो सांगंल तशी."

"कशाला?"

मुजाहिदनं घसा साफ केला. "आठवण ऱ्हाती, मावशी. करिष्माच्या धाकट्या भावाच्या लग्नाला, पुढंमागं." त्यानं कागद काढला आणि हळू वाचलं, "म्हणा, माझ्या लेकरांनो, मी सुखात हाय. तुमच्या आजोबांनी मला जन्मभर फुलासारखं जपलं."

बायनाबाईनं तोंड मिटून घेतलं. त्यानं पुन्हा वाचलं. ती समोरच्या भिंतीकडं बघत बसली. आपण बोललो नाही तर हे होणार नाही, एवढं एक तिच्या हातात उरलं होतं, आणि ते तिनं दातांखाली घट्ट धरलं.

शेवटी मुजाहिदलाच वाईट वाटलं. त्यानं हलक्या हातानं माईक काढला. "ऱ्हाऊ द्या, पंडितभाऊ. म्हाताऱ्या माणसाला त्रास नको. वहिनींचा आवाज चालंल. मी करतो जुना."

सुरेखा हात पुसत स्वयंपाकघरातून आली. माईक लावून घेतला, कागद उजेडाकडं धरला आणि एकदा मनातल्या मनात वाचून पाहिला. मग ती मोठ्यानं वाचू लागली, आणि फुलासारखं जपलं या शब्दांवर तिचा आवाज खरोखरच भरून आला.