वरव्याची पोथी

भोरच्या एसटी स्टँडामागं बद्रुन्निसाचं जुन्या, दुर्मिळ पुस्तकांचं दुकान. त्यात तिचे केस पांढरे झाले, पण शिळाछाप, म्हणजे दगडावर लिहून छापलेलं पुस्तक, काही हाती लागलं नव्हतं. म्हणून वरवे गावच्या धोंडाबाईंनी देव्हाऱ्यातली जुनी पोथी न्यायला बोलावलं, तशी ती पहिल्या एसटीनं गेली.

"ने खुशाल," धोंडाबाई म्हणाल्या, "पण समाप्तीबिगर पोथी उंबरा वलांडत न्हाई. तूच वाच. आमाला ती अक्षरं लागत न्हाईत. आजेसासूपास्नं नुसतं हळदकुंकू वाहतोय."

शेजारपाजार हात जोडून बसला. बद्रुन्निसानं लाल फडक्याची गाठ सोडली. शिळाछापच. तिचा जीव सुपाएवढा झाला. श्रीगणेशाय नमः झालं आणि पुढच्याच ओळीला ती अडखळली. पोथी कसली, गुरांच्या दुखण्यांवरचं पुस्तक. इतकी वर्षं म्हशीच्या अपचनाला हळदकुंकू वाहिलं जात होतं.

खरं सांगावं तर म्हातारी खट्टू होणार, पुस्तकही जाणार. त्यापेक्षा सुरात म्हणून संपवावं आणि दुपारच्या एसटीनं परतावं. दोन ओळी छान गेल्याही. मग शेजारचा गेनबा डोळे मिटून डोलताना दिसला आणि तिला राहवेना.

"आजी, ही देवाची पोथी न्हाई. म्हशीची हाय."

गेनबानं डोळे उघडले.

"म्हशीचं काय लिवलंय?" धोंडाबाईंनी विचारलं.

"पान्हा चोरणारीच्या पाठीवरनं हात फिरवावा. धार काढणाऱ्यानं चिडू नये."

धोंडाबाई सुनेकडं वळल्या. "ऐकलंस?"

"धार तुमीच काढता, आत्याबाई."

मग जी हसाहशी झाली, ती आवरेना. प्रत्येकाला आपापल्या गोठ्याचं विचारायचं होतं. दिवस कलताना समाप्ती झाली, म्हशीला पुरणाचा नैवेद्य मिळाला आणि धोंडाबाईंनी पुस्तक पुन्हा फडक्यात बांधलं.

"आता न्हाई द्यायची, बाई. कळत नव्हती तवर देत हुते."

बद्रुन्निसाला वाईटही वाटलं, हसूही आलं. दुकानाचं पुस्तक गेलं, पण पुस्तकाला घर मिळालं. ती चपला घालू लागली.

"आमच्यात बी हाय एक फडक्यात," गेनबा म्हणाला. "कंदी उघडली न्हाई. उद्या येतीस?"

"उद्या कशाला? आत्ताच चला."

"चल. पर म्हशीची निघाली, तर म्या बी देणार न्हाई."