खाली ठेवलेला पेला

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किटली आहे, कहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची. पोट गोल, कंबर बारीक, डोक्यावर टोकदार झाकण आणि पुढे पक्ष्यासारखी लांब चोच. सध्या माझा मुक्काम काचेच्या कपाटात असतो. घरी येणारे पाहुणे माझ्याकडे बघून म्हणतात, "काय सुरेख शोभेची वस्तू आहे." मला त्यांचा राग येत नाही. त्यांना काय ठाऊक, मी कुणाकुणाला काय काय पाजलं आहे ते.

अरबस्तानातल्या हसा गावच्या बाजारात एका तांबटानं मला घडवलं. तो कमी बोलायचा आणि जास्त ठोकायचा. माझ्या अंगावर शेवटचा ठोका पडला तेव्हा त्यानं मला उलटी धरली, बोटानं टिचकी मारली, आवाज ऐकला आणि बायकोला म्हणाला, "ही टिकेल." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. मग मोत्यांचे एक व्यापारी मला विकत घेऊन आखाताकाठच्या या घरात आले. दरवर्षी ते मोती घेऊन मुंबईला जात आणि परत आले की माझ्यातला कहवा पिऊन म्हणत, "आता घरी पोचलो."

त्यांना दोन मुलं होती. थोरली मौझा आणि धाकटा घानिम. मला घासायचं काम मौझाचं. चिंच आणि वाळू घेऊन ती अंगणात बसायची. माझ्या पोटात तिला स्वतःचा चेहरा दिसे, गाल हे एवढे फुगलेले. ती हसायची, मग घानिमला पकडून आणायची आणि त्याचे गाल दाखवून आणखी हसायची.

मौझा वयात आली तेव्हा तिचं लग्न पलीकडच्या किनाऱ्यावर झालं, इराणात, बुशहरजवळच्या एका कोळीवाड्यात. तेव्हा पलीकडचा किनारा कुणाला परका वाटत नसे. तिथेही आमचीच भाषा बोलणारी घरं होती, आणि समुद्र हा आम्हाला रस्त्यासारखा होता. वारा चांगला असला की लग्नाची वऱ्हाडं इकडून तिकडे जात. दर हिवाळ्यात मौझा माहेरी यायची. येताना केशर आणायची, आणि त्या दिवशी माझ्या चोचीतून पिवळाधमक कहवा पडायचा.

मित्रांनो, आमच्याकडे कहवा नुसता पीत नाहीत. पेल्यात तो तळापुरताच ओततात. काठोकाठ भरला तर पाहुणा समजतो, आपल्याला निघा म्हणून सांगितलं. पुरे झालं की पाहुणा पेला हलवतो. आणि एखाद्या पाहुण्याच्या मनात काही मागणं असेल तर तो भरलेला पेला तसाच खाली ठेवतो. तोंडाला लावत नाही. बैठकीत सगळे गप्प होतात. मग यजमानानं म्हणायचं, "प्या. तुमचं काम झालं." तेव्हाच पाहुणा पितो. पाहुणा बैठकीतून न पिता उठून गेला तर त्या घराची अब्रू गेली.

समजूतदार यजमान आधी मागणं ऐकून घेत. पण घानिमची गोष्ट वेगळी. वडिलांच्या मागे तो या घराचा धनी झाला, आमच्या छोट्या राज्याच्या अमिरांचा सल्लागारही झाला. त्याला सगळे बू सुलतान म्हणू लागले, म्हणजे सुलतानचा बाप. आमच्याकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. तर या बू सुलतानचा अभिमान असा, की पेला जमिनीला टेकायच्या आत तो म्हणायचा, "प्या, झालं तुमचं काम." काय काम ते नंतर. कुणी मुलासाठी नोकरी मागितली, कुणी भांडण मिटवायला सांगितलं, एकानं तर घानिमची स्वतःची आवडती सांडणी मागितली. दिली. त्याची बायको म्हणायची, "एक दिवस कुणीतरी हे घर मागेल, आणि तुम्ही सतरंजीसकट देऊन मोकळे व्हाल." सगळ्या किनाऱ्यावर त्याच्या उदारपणाचे गोडवे गायले जात, आणि मी त्याच्या हाताशी बसून फुगत असे.

मग काळ बदलला. पलीकडच्या किनाऱ्यावर अणुभट्टी उभी राहिली. ती विजेसाठी आहे असं ते म्हणत. पण आत डोंगरात आणखी काही चाललं आहे, उद्या त्यातून बॉम्ब होईल, असं बैठकीतली माणसं एकमेकांच्या कानात सांगू लागली. पूर्वी इथे मोत्यांच्या, उंटांच्या, सोयरिकीच्या गप्पा व्हायच्या. आता हाच एक विषय. भीती खोटी नव्हती. घानिमही घाबरला होता. नातवंडं अंगणात खेळत असली की तो त्यांच्याकडे बघत राहायचा आणि हातातला कहवा निवून जायचा.

त्या वर्षी हिवाळ्यात अमेरिकेचा दूत येणार होता. अमेरिका आमच्या सगळ्या राज्यांची बलाढ्य दोस्त. दूत प्रत्येक राजधानीत जायचा, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला एकच गाऱ्हाणं ऐकवलं जायचं. शेवटी तो आमच्या घरी येणार होता, कारण तरुणपणी घानिमनं त्याला आमची भाषा शिकवली होती आणि तो घानिमला मानायचा.

त्याच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, हमदान आला. हमदान शेजारच्या मोठ्या राज्याचा मंत्री आणि घानिमचा जुना मित्र. दोघं एकत्र ससाणे उडवायला जात. तो बसला, इकडचं तिकडचं बोलला, घानिमच्या पांढऱ्या दाढीची थट्टा केली. "काय रे, पीठ सांडलं का दाढीवर?"

"तुझ्यासारखा काळा रंग फासत नाही, एवढंच," घानिम म्हणाला.

घरचा म्हातारा नोकर फैरूज, त्यानं माझ्यातून कहवा ओतला. हमदाननं पेला घेतला आणि खाली ठेवला.

घानिम सवयीनं म्हणाला, "पी बाबा. झालं तुझं काम."

हमदान एका घोटात प्याला. मग म्हणाला, "उद्या दूत येईल. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. तो मान डोलावतो आणि विमानात बसतो. तुझं मात्र तो ऐकतो. तू सांग, पलीकडचं ते सगळं उडवून टाका. विंचवाची नांगी लहान असतानाच ठेचावी."

घानिमचा चेहरा माझ्या पोटात दिसत होता. गाल फुगलेलेच, पण चेहरा पार उतरलेला.

"हमदान, पलीकडे माझी बहीण..."

"बाहेर आपण काही बोलायचंच नाही. बाहेर ते आपले शेजारी, आपले भाऊ. हे फक्त आतल्या आत. आणि बू सुलतान, मी प्यालो आहे."

दिलेला शब्द परत घेतला असं या घरात कधी झालं नव्हतं.

मौझा त्या वेळी घरातच होती, माहेरपणाला आलेली. बैठक आणि माजघर यांच्यामध्ये आमच्याकडे फक्त एक पडदा असतो. तिनं सगळं ऐकलं. रात्रीचं जेवण तिनं भावाला मुकाट्यानं वाढलं, आणि मौझा मुकाट्यानं वाढते तेव्हा घरातली मांजरंसुद्धा लांब बसतात.

सकाळी तिनं स्वतः बिया भाजल्या, कुटल्या, वेलदोडा टाकला. मला घेऊन बैठकीत आली आणि बाहेरच्या पाहुण्यांच्या जागेवर बसली. बायका तिथे कधी बसत नाहीत. घानिम आत आला आणि दारातच थबकला.

"ताई, हे काय?"

"लग्न झाल्यापासून मी या घरची पाहुणीच आहे. ओत मला."

घानिमनं स्वतःच्या हातानं ओतलं. तिनं पेला घेतला आणि खाली ठेवला.

घानिमच्या तोंडून ते नेहमीचे शब्द बाहेर येईनात. शेवटी तो म्हणाला, "आधी सांग, काय हवंय?"

"हमदानला विचारलंस का आधी?"

घानिमनं नकारार्थी मान हलवली.

"त्याला न विचारता दिलंस. मी मात्र आधी सांगायचं. सख्खी बहीण ना मी, मला उधारीवर शब्द कसा देणार?"

"ताई, मला शब्द मोडायला सांगू नकोस. एवढं एक सोडून काहीही माग."

"आधी म्हण."

घानिमनं डोळे मिटले. "पी. तुझं काम झालं."

ती प्याली, अगदी सावकाश. ओढणीचं टोक ओठांना लावलं आणि म्हणाली, "शब्द मोडू नकोस. आपल्या बापानं कधी मोडला नाही. हमदानचं जे सांगायचं ते सांग. पण ज्या दमात ते सांगशील त्याच दमात तिथे कोण राहतं तेही सांग. नावानिशी. हमदानच्या समोर."

"हमदान मला आयुष्यात क्षमा करणार नाही."

"माझी पोरं जिवंत राहिली तर ती करतील," मौझा म्हणाली आणि पेले विसळायला घेऊन गेली.

दूत आला. उंच, वाकलेला, बूट काढताना धापा टाकणारा. हमदान त्याच्या शेजारी बसला. फैरूजनं ओतलं, सगळे प्याले. मग घानिम बोलू लागला. त्याचा आवाज कापत नव्हता, पण फार हळू होता.

"मी एक शब्द दिला आहे, तो आधी पुरा करतो. पलीकडे जे चाललं आहे ते थांबवा. बळानं थांबवावं लागलं तर बळानं. आम्हाला भीती वाटते. मलाही वाटते. माझ्या नातवंडांच्या डोक्यावर ती सावली मला नको."

हमदाननं समाधानानं मान हलवली.

"आता दुसरा शब्द. त्या भट्टीच्या अलीकडे एक कोळीवाडा आहे. तिथे माझा भाचा दरवीश राहतो. कोळंबी पकडतो. जाळं विणण्यात अगदी भिकार आहे, त्याची आईच सांगते. त्याची बायको नर्गिस. सासूशी भांडणात तिची कधी हार नाही. त्यांची थोरली मुलगी सलामा शाळेत शिकवते. धाकटा नासिर समुद्राकाठी जन्मला आणि पाण्याला घाबरतो. शेजारी..."

"बू सुलतान," हमदान मध्येच म्हणाला, "हे कशाला?"

"बोलू द्या त्यांना," दूत म्हणाला.

घानिम बोलत राहिला. शेजाऱ्यांची नावं, मशिदीच्या म्हाताऱ्या मुल्लांचं नाव, मौझानं वर्षानुवर्षं माहेरी येऊन सांगितलेल्या माणसांची सगळी नावं. पडद्यामागून मधेच आवाज आला, "हलिमा राहिली." घानिम म्हणाला, "हो. आणि हलिमा. ती सुईण आहे."

दूतानं पेला हातात फिरवला. "इथे वारा कुठून येतो?"

"बरेच दिवस तिकडून इकडे," घानिम म्हणाला. "आणि आम्ही पितो ते पाणी याच समुद्राचं. गोडं करून पितो."

हमदान अंगावरचा झगा सावरू लागला.

"मग मी माझ्या देशात जाऊन नक्की काय सांगू?" दूतानं विचारलं.

"दोन्ही. एकच सांगितलंत तर मी खोटा ठरेन."

दूतानं पेला हलवला आणि फैरूजच्या हाती दिला. वचन काही दिलं नाही. जाताना मात्र पडद्याकडे वळून जरा वाकला. हमदान त्याच्या मागोमाग उठला. निरोप न घेता गेला.

दूतानं आपल्या देशात जाऊन काय सांगितलं, मला ठाऊक नाही. मी किटली आहे. त्या हिवाळ्यात आकाशातून काही पडलं नाही, आणि मौझा बोटीनं घरी गेली, एवढं मी सांगू शकते. घानिमच्या बोलण्यामुळे असं झालं, असं तो स्वतःही कधी म्हणाला नाही. पुढे करार झाले, मोडले, पुन्हा धमक्या आल्या. बोटी कमी झाल्या. केशर येईनासं झालं.

घानिम मात्र बदलला. कुणी पेला खाली ठेवला की तो म्हणायचा, "आधी सांगा." लोक बाहेर जाऊन म्हणत, "बू सुलतान म्हातारपणी चिक्कू झाला." हे त्याच्या कानावर यायचं. ज्या कीर्तीवर तो जगला ती अशी गेली, आणि मित्रही दुरावला. ससाण्यांचा पिंजरा त्यानं कुणाला तरी देऊन टाकला.

माझेही दिवस फिरले. घराचा कारभार घानिमच्या मुलाकडे, सुलतानकडे, गेला आणि घरात थर्मास आले. बटण दाबलं की कहवा. गावाच्या चौकात माझ्यासारख्या किटलीचा घराएवढा पुतळा उभारला आहे, म्हणे. त्यातून आजवर कुणाला थेंबभर मिळालेला नाही, पण लोक त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढतात. मला कपाटात ठेवलं. आतली कल्हई उडाली, आणि कल्हई उडालेल्या भांड्यातलं पिऊ नये हे खरंच.

मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी हमदान आला. काठी टेकत, पण कुणाचा हात न धरता. दाढी आता रंगवत नाही. दोघं म्हातारे समोरासमोर बसले. मग हमदाननं विचारलं, "तुझी पलीकडची माणसं कशी आहेत?"

"बरी आहेत," घानिम म्हणाला. "ताईला ऐकू कमी येतं. फोनवर तीच बोलते, आपण फक्त ऐकायचं."

"आधीही तसंच होतं," हमदान म्हणाला. मग पुढे वाकून, "पोरांची नावं सांग पुन्हा. मी तेव्हा ऐकली नव्हती."

घानिम सांगू लागला. मी काचेमागून पाहत होते. हमदान एकेक नाव ओठांतल्या ओठांत म्हणत होता, चुकलं की घानिम दुरुस्त करत होता.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तुमच्याहून बलवान कुणाला तुम्ही कधी म्हणाल, "त्या पलीकडच्याला जरा बघून घ्या," तर त्याआधी तिथे कोण कोण राहतं ते नावानिशी विचारून घ्या. फार वेळ लागत नाही. आणि तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी म्हातारी कपाटात असेल तर तिला कल्हईवाल्याकडे घेऊन जा. आम्हाला शोभेला ठेवू नका. समोरासमोर बसायला अजून माणसं उरली आहेत, आणि त्यांना कुणीतरी ओतायला हवं.