तीन नंबरावरचं यवतमाळ

ही गोष्ट २००६ सालची, दिवाळीनंतरची. कापसाच्या भावानं त्या वर्षी सगळ्यांचे चेहरे उतरले होते आणि आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. घाटंजीत खरेदी केंद्रासमोरची बैलगाड्यांची रांग लांबत लांबत शाळेच्या मैदानात शिरली होती. नंबर लागेपर्यंत माणसं चार-चार दिवस तिथंच स्वयंपाक करून राहायची. तीन आठवड्यांवर यवतमाळला मुलींच्या फुटबॉलचे जिल्हा सामने होते. माझा धाकटा भाऊ धम्मरत्न शाळेत खेळाचा मास्तर. त्याच्याकडे टीम होती, पण मैदान नव्हतं.

त्याचा मुलगा रोशन बसस्टँडजवळ कॉम्प्युटर सेंटर चालवायचा. दोन कॉम्प्युटर, आणि भारनियमनामुळे सकाळचे तीन तास धंदा. त्यातल्या एकावर फुटबॉलचा गेम होता. धम्मरत्ननं तो पाहिला आणि तडक माझ्या घरी आला.

"ताई, मागच्या सालची ते वही आहे ना तुह्याकडं?"

मी गणिताची मास्तरीण, तेव्हा नुकतीच रिटायर झालेली. मागच्या वर्षी यवतमाळच्या टीमशी सामना झाला, तेव्हा मला बाजूला बसवून त्यानं प्रत्येक पासची आणि शॉटची रेघ मारायला लावली होती. वही सापडली. यवतमाळच्या पोरींचा दर तिसरा पास चुकला होता. चौदा शॉट मारले, त्यातले आठ बाहेर गेले होते.

"आता त्या मशीनले यवतमाळसारखं खेळायले लावायचं," तो म्हणाला. "मंग आपल्या पोरी तिच्यासंगं खेळतीन."

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन सेंटरात बसू लागले. गेममध्ये सोपं-कठीण करायचे पाच टप्पे होते. त्यांची नावं इंग्रजीत होती, म्हणून आम्ही त्यांना नंबर दिले. एक नंबरावर समोरचे खेळाडू लग्नातल्या पाहुण्यांसारखे बाजूला होऊन वाट द्यायचे. पाच नंबरावर त्यांचा एकही पास चुकेना.

"हे माणसं नाहीत," धम्मरत्न चिडून म्हणाला. "माणूस थकते, घसरते, भलतीकडंच पाहते. एवढं बरोबर कोणी खेळते का?"

"चार करू का, बाबा?"

"चारवर तरी चुकतीन का ते?"

चारवर चुकले, पण कमी. दोनवर फारच. पाच दिवस रेघा मारल्यावर माझा हिशेब तीन नंबरावर जुळला. रोशननं खेळाचा वेग थोडा कमी केला, तेव्हा पास जवळजवळ वहीइतकेच चुकू लागले. धम्मरत्ननं खडूनं कॉम्प्युटरच्या टेबलावर लिहिलं: यवतमाळ.

इथपर्यंत ठीक होतं. पण त्याला त्या तीन नंबराचा इतका भरवसा वाटला, की त्यानं टीमही त्यावरच निवडायला घेतली. गोलकीपर दोघी होत्या. उर्वशी बंजारा तांड्यावरची, नववीत शिकणारी, दोन वर्षं गोलात उभी राहणारी. दुसरी सोनू, जिच्या काकाकडे कॉम्प्युटर होता. दोघींना दहा-दहा मिनिटं खेळायला बसवलं. सोनूवर दोन गोल झाले, उर्वशीवर सात. उर्वशीला परत बसवलं, तरी सहा झालेच.

"सोनू गोलात," धम्मरत्न म्हणाला.

 मला माहीत होतं उर्वशीचं काय जात होतं. तिच्या आईनं, बिजलीबाईनं, आधीच सांगितलं होतं की टीममध्ये असशील तर यवतमाळला जा, नाहीतर सोमवारपासून शाळा बंद आणि कापसाची वेचणी. यवतमाळला क्रीडा वसतिगृहासाठी पोरी निवडणार होते. तिला तेच हवं होतं.

शनिवारी ती शेवटचं एकदा खेळू द्या म्हणून आली. मी सवयीनं वही उघडली. तिचे हात घामेजले होते. ते ओढणीला पुसायला तिनं कीबोर्डवरून उचलले, तेवढ्यात समोरच्यानं शॉट मारला आणि पडद्यावरच्या गोलकीपरनं झेप घेऊन अडवला.

मी पेन खाली ठेवलं. "रोशन, हा बॉल कोणं अडवला?"

"मशीननं, आत्या. गोलकीपर आपण नाही चालवत. तो आपोआपच चालते."

"म्हणजे हिच्यावर झालेले गोल?"

"ते मशीनच्या गोलकीपरवर झाले. हिले पोरं पळवता येत नाही, म्हून बॉल सारखा इकडंच राह्यते."

"अन् हे बापाले काहून नाही सांगितलं?"

"त्यायनं इचारलंच कुठं? ते नंबर इचारून राह्यले होते!"

उर्वशी आधी माझ्याकडे, मग पडद्याकडे पाहत राहिली. "मले वाटलं, मीच मंद आहो," ती म्हणाली.

धम्मरत्नला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ सायकलच्या सीटवरची धूळ पुसत होता. मग मलाही मागच्या कॅरियरवर बसवून वावरात घेऊन गेला. बिजलीबाई कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती.

"काय मास्तर, तुमच्या डब्ब्यानं पोरीले नापास केलं ना?"

"डब्ब्याचा गोलकीपर नापास झाला, बाई. चूक माही आहे."

"मंग त्या डब्ब्यालेच पाठवा माह्यासंगं वेचायले."

"याडी!" उर्वशी आईला ओरडली.

"तू गप. मास्तर, मले दाखवा. मी पाह्यल्याबिगर पोरगी सोडत नाही."

रविवारी मैदानात दोन गाड्यांच्या मधली जागा गोल म्हणून धरली. मागं कापसाची भरलेली गाडी होती, त्यामुळे बॉल लांब जाण्याचा प्रश्न नव्हता. धम्मरत्ननं मारले, रोशननं मारले, मग बसून कंटाळलेले गाडीवानही धोतर खोचून पुढं आले. वीस शॉट झाले. सात बाहेर गेले, एक बैलाला लागला. उरलेल्या बारांपैकी उर्वशीनं नऊ अडवले. मीच रेघा मारल्या.

बिजलीबाई हाताची घडी घालून पाहत होती. "हात माह्यावर गेले," ती म्हणाली. मग धम्मरत्नकडे वळली. "चार दिवस न्या. नाही घेतली कोणं, तर पाचव्या दिवशी मले वावरात पायजे."

आम्ही यवतमाळच्या टीमकडून दोन-शून्यनं हरलो. आमचा तीन नंबर कमी पडला. त्या पोरी वर्षभरात चार नंबरावर पोचल्या होत्या. पण उर्वशीनं सात शॉट अडवले आणि निवडकर्त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं. राखीव म्हणून का होईना, ती वसतिगृहात गेली.

सोनू पुढं नर्स झाली, ती महागावला असते. मोबाईल आल्यावर रोशनचा गेम बंद पडला. आता तो त्याच सेंटरात ऑनलाइन फॉर्म भरून देतो. धम्मरत्न रिटायर झाल्यावरही मैदानात जायचा. सात वर्षांपूर्वी तो गेला. उर्वशी मारेगावकडे वनरक्षक आहे, तिला दोन मुली. बिजलीबाईचे गुडघे गेलेत. पोरगी नको म्हणते, तरी वेचणी लागली की ती वावरात जाते आणि बांधावर बसून दुसऱ्यांच्या चुका काढते.