पाठीला रिफ्लेक्टर लावलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. शिकलेली माणसं मला कॅबिनेट म्हणतात. औरादच्या बाजारात मला 'कंप्युटरचा डबा' म्हणतात. एका कोंबडीनं तर मला बाळंतपणाची खोली समजून वापरलं होतं. तिघांचंही बरोबर आहे. माझ्या पाठीला एक लाल रिफ्लेक्टर आहे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असतो तसा. तो तिथं कसा आला हे सांगायचं, तर माझा जन्म दोनदा कसा झाला ते सांगावं लागेल.

पहिल्यांदा मी रेडीमेड जन्मले. कारखान्यात माझ्या पोटात सगळा माल भरला, झाकण लावलं आणि स्क्रूवर एक चकचकीत कागद चिकटवला. हा फाटला तर हमी संपली, असं त्यावर लिहिलेलं होतं. मला अंकुशरावांनी विकत आणलं. ते तुरीचे व्यापारी. पुढं दुकान, मागं घर, मधल्या अंगणात पोती. त्यांनी कागद वाचला आणि घरादाराला बजावलं, "ह्याला कुणी उघडायचं न्हाई. सील तुटलं की कंपनी हात वर करती."

हमी एका वर्षाची होती. माझं सील नऊ वर्षं कुणी तोडलं नाही.

उलट त्यांच्या बायकोनं, चंद्रभागाबाईंनी, मला झगा शिवला. त्यांच्या घरात उघडं असं काही राहतच नाही. टीव्हीला झगा, मिक्सरला झगा, फ्रिजच्या दांडीला मोजा. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, वरून रबर. माझ्या वाट्याला गुलाबी फुलांचा, खाली झालर असलेला झगा आला. गल्लीतल्या बायका बघून म्हणायच्या, "अगं माय, किती नटवलंय!" मीही फुगून बसायचे. मी चालू असतानासुद्धा तो झगा माझ्या अंगावरच असायचा.

सुगीत अंगणात पोती उपडी केली की तुरीचा भुसा उडायचा. तो झालरीखालून माझ्या पंख्यात शिरायचा. त्याला बाहेर पडायला वाट नव्हती, आणि कुणाला आत बघायची परवानगी नव्हती. एका सुगीत माझा पंखा अडकला, पोटात आग पडली आणि मी गप्प झाले. अंकुशरावांनी माझ्या कुशीत दोन बुक्क्या मारल्या. तेवढ्या औषधावर त्यांचा टीव्ही चालायचा. मी नाही चालले. मग कुठं मला उघडलं. पोटातून सूपभर भुसा निघाला. हमीचा कागद मात्र कोराकरकरीत होता.

पुढं माझं आतडं कुणी घेतलं, ठाऊक नाही. मी अंगणात पडले. कोंबडी आली, बसली, आणि तिनं माझ्या पोटात अकरा पिल्लं काढली. मित्रांनो, मोठमोठ्या कंपन्यांच्या पेट्यांनी हे करून दाखवावं.

यंदा घरात भांडण सुरू झालं. अंकुशरावांची लेक मंजुश्री बीदरला कॉलेजात शिकते. तिची चार मुलींची टोळी कंप्युटरवर गेम खेळते, आणि खेळत खेळत त्या विभागाच्या फायनलपर्यंत पोचल्या होत्या. फायनल आयतारी, म्हणजे रविवारी, दुपारी. जिंकल्या तर पुढची फेरी बेंगळूरला. पण आयतारी कॉलेज बंद, चौघी आपापल्या घरून खेळणार, म्हणून घरी तगडा कंप्युटर पाहिजे. पाहिजे हे सगळ्यांना मान्य होतं. रेडीमेड आणायचा की सुटे भाग आणून जोडायचा, यावर घर फुटलं.

मंजूचे मामा बालाजी रेडीमेडच्या बाजूचे. मामा, दाजी आणि भाची, तिघं कलबुर्गीच्या एका दुकानात जाऊन आले. तिथं काय झालं ते त्यांनी अंगणातच सांगितलं, म्हणून मला कळलं. बालाजीमामांनी दिवे मोजले. बारा रंगांचे होते. अंकुशरावांनी पेटी दोन्ही हातांनी उचलून बघितली, कारण त्यांचा सगळा जन्म वजनावर माल पारखण्यात गेला. मंजूनं विचारलं, आत कार्ड कोणतं, पॉवर सप्लाय कुठला? दुकानदार म्हणाला, "सब कंपनी का है बेटा." उघडून दाखवा म्हटल्यावर म्हणाला, "खोलना मना है. सील है."

"सील!" मंजू माझ्याकडं बोट करून म्हणाली. "सीलपायीच ही मेली अप्पा, आठवतंय का?"

"अगं, पण बिघडलं तर भांडायला एक माणूस पाहिजे की न्हाई?" अंकुशराव म्हणाले. "रेडीमेडला एक दुकान. तुझे आठ डबे आठ कंपन्यांचे. मी कुणाकुणासंगं भांडू?"

"ट्रॅक्टर कोण घरी जोडतंय का गं?" बालाजीमामांनी री ओढली.

"ट्रॅक्टर रेडीमेड आणला मामा. पण नांगर कुठला, ट्रॉली कुणाकडची, टेप कुठला, हे तुम्हीच फिरून फिरून निवडलाव की! दुकानदारानं दिलेला नांगर का घेतला न्हाई?"

नांगर बालाजीमामांनी तीन तालुके फिरून आणला होता.

शेवटी अंकुशरावांनी निकाल दिला. "आण तुझे डबे. पण आयतारी ह्ये बंद पडलं, तर सोमवारी रेडीमेड आणतो. ही पेटी काशाप्पा भंगारवाल्याला. अन् तू परत स्क्रू काढायचं पेंचिस हातात धरायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," मंजू म्हणाली.

मला कुणी विचारलं नाही. मी त्या वेळी अंड्यावर होते.

मंजूनं मला निवडलं, कारण माझा पत्रा जाड होता. तिनं कोंबडीला हाकललं, मला घासून धुतलं. भाग कुरिअरनं आले. एकेक खोका अंकुशरावांनी आधी काट्यावर ठेवला आणि मग आत पाठवला. ग्राफिक्स कार्ड भरलं दीड किलो. "हां, ह्ये जरा बरं हाय," ते म्हणाले. पण तेच कार्ड माझ्यात बसेना. माझ्या पोटातली जुनी पट्टी आडवी येत होती.

मंजूनं मला हणमंतप्पा वेल्डरच्या दुकानी नेलं. हणमंतप्पा जन्मभर ट्रॉल्या बनवणारा माणूस. त्यानं मला उलटं केलं, सुलटं केलं आणि विचारलं, "काय मंजव्वा, कितीचा लोड वाहायचा हाय?" मग ठिणग्या उडाल्या. पट्टी कापली गेली. माझ्या छातीला ज्वारीच्या चाळणीसारखी भोकं पडली. लई दुखलं, पण आयुष्यात पहिल्यांदा मोकळा वारा आत आला. संध्याकाळी मला न्यायला मंजू आली, तर माझ्या पाठीला लाल रिफ्लेक्टर.

"ह्ये कशाला, काका?"

"रिफ्लेक्टर न लावता माझ्या दुकानातून काहीच बाहेर जात न्हाई," हणमंतप्पा म्हणाला. "मागून कुणी धडकलं तर?"

शनिवारी सकाळी मंजूनं मला भरलं. चंद्रभागाबाईंनी हळद-कुंकू लावलं. नारळ माझ्या डोक्यावर आपटणार, इतक्यात मंजू किंचाळली, "आई, पाणी!" म्हणून नारळ उंबऱ्यावर फुटला. मंजूनं बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच.

"दोन बुक्क्या घालू का?" बालाजीमामांनी बाह्या सरसावल्या.

मंजूनं सगळं परत काढलं, परत लावलं. तरी काळं. तिचे डोळे भरले. चंद्रभागाबाई शेजारी बसून बघत होत्या. मंजू मेमरीची पट्टी खाचेत ठेवत होती, अगदी फुलासारखी.

"अशी कामून भ्यायलीस गं? भाकर थापतानाबी तू अशीच भितीस, म्हणून तुझी भाकर फाटती. दाब की!"

"तुटंल आई."

"सरक." त्यांनी अंगठा ठेवला आणि दाबला. टक्! आणि पडदा उजळला. घरात आधी कुणाला खरंच वाटेना. मग अंकुशराव हळूच म्हणाले, "लागलंय की."

आयतार उजाडला. अंकुशरावांनी गल्लीतल्या चार माणसांना खुर्च्या टाकल्या. तीन डाव होते, दोन जिंकायचे. पहिला डाव पोरींनी मारला. बालाजीमामांना कोण कुणाला मारतंय ते कळत नव्हतं, पण ते दोन्ही बाजूंना शाबासकी देत होते.

दुसऱ्या डावात अंगणात तुरीची गाडी आली. पोती उपडी झाली, भुसा उडाला. चंद्रभागाबाईंनी माझ्याकडं बघितलं. नवी वस्तू, वरून पाहुणे बसलेले, आणि पेटी उघडी! त्या आत गेल्या, ट्रंकेतून गुलाबी झगा काढला आणि मागून येऊन हळूच माझ्या अंगावर चढवला. मंजूच्या कानावर हेडफोन, डोळे पडद्यावर. तिला पत्ता लागला नाही. मला लागला. मी पंखे जोरात फिरवले, घुमले, ओरडले.

"इंजिन कसं दमात हाय बघा!" बालाजीमामा पाहुण्यांना म्हणाले.

आणि मी बंद पडले. ऐन डावात. उरलेल्या तिघी हरल्या. एक-एक अशी बरोबरी झाली.

"झालं," अंकुशराव उठले. "उद्या काशाप्पाला देऊन टाकतो."

मंजूनं वळून झगा बघितला आणि ओढून फेकला. "आई, कामून घातलीस गं ह्ये!" चंद्रभागाबाईंचं तोंड एवढंसं झालं. "धूळ जायली होती गं आत. मागच्यावेळी धुळीनंच मेलती की ही." ते खरं होतं.

तिसऱ्या डावाला दहा मिनिटं होती. अंकुशराव झगा उचलायला वाकले आणि त्यांचा हात माझ्या कुशीला लागला. ते थांबले. त्यांनी तळहात तिथंच ठेवला. ओली तूर पोत्यात भरली तर आतून तापते. व्यापारी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून ते ओळखतो. अंकुशरावांनी चाळीस वर्षं हेच केलेलं.

"अगं, बिघडलं न्हाई ह्ये. कोंदलंय," ते म्हणाले. "पोतं तापलंय. तोंड सोड त्याचं!"

"अप्पा, झाकण काढू?"

"सरक, मीच काढतो."

मित्रांनो, ज्या माणसानं नऊ वर्षं कागदाला हात लावला नाही, त्यानं स्वतःच्या हातानं माझे स्क्रू काढले. भिंतीवरचं सूप घेतलं, माझ्यासमोर मांडी घातली आणि अंकुशराव वारा घालायला लागले. मी थंड झाले. मंजूनं बटण दाबलं. सुरू! तिसरा डाव खेळून होईस्तोवर अंकुशराव सूप हलवत राहिले. बालाजीमामांनी बदली मागितली, तर म्हणाले, "तू नांगर बघ."

त्यातच कोंबडी आली. कोमट वारा आणि ओळखीची पेटी बघून ती माझ्यात उतरायला लागली. चंद्रभागाबाईंनी झडप घालून तिला पदराखाली धरलं आणि शेवटपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. पोरी जिंकल्या तेव्हा पहिल्यांदा ओरडली ती कोंबडीच.

त्याच संध्याकाळी चंद्रभागाबाईंनी जुनी मच्छरदाणी फाडली आणि मला नवा झगा शिवला. वारा आत येतो, भुसा बाहेर थांबतो. दर शनिवारी मंजू तो काढून झटकते. झालर त्यांनी सोडली नाहीच, पण जाळीची लावली.

सोमवारी काशाप्पा गाडा घेऊन आला. शनिवारी पडदा उजळेना, तेव्हाच त्याला निरोप गेला होता. त्यानं मला उचललं आणि म्हणाला, "वजनदार हाय की सावकार."

"ठेव खाली!" आतून अंकुशराव धावत आले. "लेकीनं जोडलेली हाय ती."

पुढच्या महिन्यात चौघी बेंगळूरला जाणार आहेत. मी जाणार नाही. तिथं रेडीमेड कंप्युटर देणार म्हणे. त्याच्याशी माझं वैर नाही. मीही कधीकाळी रेडीमेडच होते. मंजूनं फोनवर एवढंच विचारलं, "पेटी उघडायला येती का?" आणि पेंचिस पिशवीत टाकलं. पिशवीत एक अप्पांनी आधीच ठेवलं होतं, म्हणून दोन झाली.

तर मित्रांनो, रेडीमेड घ्या नाही तर घरी जोडा, तुमची मर्जी. पण घेतलेल्या वस्तूला नुसतं झाकून ठेवू नका. कधी तरी तिच्या अंगाला हात लावून बघा, तापली आहे का. तेवढं केलंत, तर आम्ही पेट्या तुम्हाला मधेच सोडून जाणार नाही.

आणि हो, काल अंकुशरावांनी रिमोटचं रबर काढलं. पिशवी अजून तशीच आहे. मी वाट बघायला तयार आहे.