बोटभर

मार्गशीर्षातले ऊन पंचगंगेवर पातळ, पितळी, निश्चल पसरले होते. त्याचाच एक लांबट तुकडा बंद पडलेल्या फाउंड्रीच्या दारातून आत शिरला आणि निळ्या गाडीच्या अंगावर निजला.

दोघांपुरती, जुनी, विलायती, शर्यतीची गाडी. वेगासाठी घडलेली, वाऱ्यासाठी वाकलेली. तिचे मूळ इंजिन केव्हाच निकामी झाले होते. त्याजागी भूपालआण्णांनी शेताला पाणी उपसणारे ऑइल इंजिन बसवले. काळे, आखूड, एका सिलिंडरचे. हरिणीच्या छातीत म्हशीचे काळीज. त्याचे जड फिरते चाक, फ्लायव्हील, आत मावेना, म्हणून बाजूचा पत्रा कापून त्याला बाहेर वाट दिली.

आण्णांचे पाय आता उचलत नव्हते. उद्या मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता, कायमचे. आज या गाडीतून नदीपर्यंत जायचे, एवढीच त्यांची इच्छा. लेक त्रिशला चालवणार होती.

गाडी धडधडत दाराशी आली आणि त्रिशलाने कचकन ब्रेक दाबला. दोन्हीकडे काँक्रीटचे खांब. दाराच्या मापापेक्षा फ्लायव्हील बोटभर बाहेर. फक्त बोटभर.

"आण्णा, गाडी कशानं मोजली हुती?"

"माझ्या पट्टीनं."

"आणि दार?"

"टेपानं."

आण्णा साचे करणारे. तप्त, तांबूस, वितळलेले लोखंड निवताना आकसते, म्हणून साचा मोठा करावा लागतो. म्हणून त्यांच्या पट्टीवरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचाहून किंचित लांब. त्या लांब इंचांनी मोजलेली गाडी कागदावर बारीक झाली होती, दारातून सहज जाण्याइतकी.

"थांबूया की मग," आण्णा म्हणाले. "आकसंल ती."

"तुमी पण ना, आण्णा! चाक उतरवू?"

"हातानं? म्हैस हाय ती. वजन उचलायची चेनपुली तर गेली फाउंड्रीच्या सामानाबरोबर."

त्रिशलाचा हात इंजिन बंद करायला पुढे झाला.

"ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले. "फिरू दे जरा."

गाडी फिरली नाही. नुसती थरथरत राहिली. निळा पत्रा थरथरला, काच थरथरली, आण्णांचे विरळ, पांढरे केस थरथरले, वारा नसताना. शेजारी लेक, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या रिकाम्या रस्त्यावर.

आणि धूर तेवढा, करडा, हलका, कुठेही न अडता, दारातून बाहेर पडला. वळणापाशी क्षणभर रेंगाळला, आणि रस्त्याने चालू लागला.