आकृती पाचमधला उतार

हिराबायाशी चिनात्सुने फळ्यावरचे लोहचुंबक ओढून काढले आणि कागद खाली पडू दिला. तो तरंगत टेबलाखाली गेला.

"अगं, चुरगळेल तो!" मोमोसेसाहेब म्हणाले. "मुद्दाम मोठा करून आणलाय. मागे बसलेल्यांना दिसायला नको का?"

"सगळ्यांना दिसलाय, साहेब. दोन महिने तेच तर बघतोय आम्ही."

मागे कोणीतरी खुसखुसले. मोमोसेसाहेब स्वतः वाकले, कागद उचलून बाहीने पुसला आणि पुन्हा फळ्यावर लावला. सरळ लागलाय ना, ते चार पावले मागे सरकून पाहिले. चिनात्सुच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कागदावर प्रिंटरच्या हेडच्या उभ्या छेदाची आकृती होती. केसाहून बारीक छिद्रातून शाईचा थेंब उडवणारा तो भाग. ओकायाच्या तळ्याकाठच्या या कारखान्यात असली हेड बनत, आणि त्यांच्यातला एकच रोग चिनात्सुने आठ वर्षे उराशी धरला होता. छिद्राच्या मागे शाईचा चिमुकला कप्पा असतो. त्याच्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा अडकला की छिद्र मुके होते आणि छापलेल्या कागदावर पांढरी रेघ उमटते. शेवटी तिने छिद्रापाशी कप्प्याचा कोपरा तिरपा केला. शाई त्या उतारावरून घसरताना बुडबुड्यालाही बाहेर घेऊन जाऊ लागली. सांगायला एवढीशी गोष्ट. पेटंटचा अर्ज गेला तो तिच्या एकटीच्या नावाने, आयुष्यात पहिल्यांदा.

आणि टोकियोच्या पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाचे उत्तर आले की असा उतार एका जुन्या अर्जाच्या आकृती पाचमध्ये आधीच दिसतो, सबब पेटंट देता येत नाही. कंपनीनेच एकवीस वर्षांपूर्वी केलेला आणि नंतर वाऱ्यावर सोडलेला अर्ज होता तो. संशोधक म्हणून खाली नाव होते मोमोसे तादायोशी.

शेवटच्या निकालातही पेटंट नाकारले तर मार्चअखेर चिनात्सुचा गट मोडायचा, असे वरच्या मजल्यावर ठरून गेले होते. गटातली माणसे भिंगांच्या विभागात जायची होती. चिनात्सु कुठे जायची होती, ते विचारले की जो तो घड्याळ बघे. अशा वेळी विभागप्रमुखाने काय करावे? मोमोसेसाहेबांनी अख्ख्या विभागाला मांजू नावाची मिठाई वाटली. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर जे काही होते ते सगळे गोंदाचे होते, हेडच्या पत्र्या एकमेकींना चिकटवण्याच्या गोंदाचे. आता मार्चमध्ये निवृत्त होता होता सरकारने त्यांना संशोधक ठरवले होते. निरोपाच्या भाषणात आकृती पाच येणार, याविषयी कोणाच्याच मनात शंका उरली नव्हती.

"यातली निम्मी माणसं तेव्हा शाळेत होती," साहेब फळ्यावरच्या आकृती पाचवर बोट टेकवून सांगत होते. "आणि परीक्षक काय म्हणतो? उतार मोमोसेने आधीच काढलाय. मी नाही म्हणत हं, सरकार म्हणतंय!"

"साहेब, एक विचारू?"

"विचार की."

"उतार तुम्हाला एकवीस वर्षं ठाऊक होता. मग मी आठ वर्षं त्या बुडबुड्यावर डोकं आपटत होते, तेव्हा बोलला का नाहीत?"

मोमोसेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"विसरलो असेन," ते म्हणाले.

सगळे हसले. साहेबही हसले. चिनात्सु आपला चहाचा कप उचलून बाहेर गेली आणि मोरीपाशी उभी राहून तो धुतलेला कप पुन्हा घासत राहिली.

जुना अर्ज तिने इतक्यांदा वाचला होता की डोळे मिटले तरी ओळी दिसत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गोंद. उताराबद्दल अवाक्षर नाही. फक्त आकृती पाचमध्ये कप्प्याचा उजवा कोपरा तिरपा होता. हात हलला असेल, पट्टी सरकली असेल, असे ती स्वतःला बजावत होती. त्या रेघेमागे अक्कल नव्हतीच, असे सिद्ध करून द्यायला ती टोकियोला पायी जायलाही तयार होती.

परीक्षकाने भेटीची वेळ दिली, तेव्हा तिने पेटंटच्या वकिलांना, कुरोइवांना, फोन केला.

"मोमोसेसाहेब येतो म्हणताहेत. त्यांची आकृती आहे म्हणे, तेच समजावणार."

"अरे बापरे," कुरोइवा म्हणाले. "नका आणू हो. तिथे जाऊन 'हो, माझंच ते' म्हणाले की संपलं आपलं."

"मी थांबवू? विभागप्रमुख आहेत ते."

"मग निदान बोलू देऊ नका."

टोकियोला जाणाऱ्या अझुसा गाडीत साहेबांनी कोफू स्टेशन येण्याआधीच डबा उघडला. कमळकाकडीचा एक काप चिनात्सुपुढे धरला. तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून तिचाच अर्ज काढला. पाने हाताळून मऊ पडली होती.

"बुडबुड्याचा भाग चांगला लिहिलायस," ते म्हणाले. "वाचताना शाई सरकताना दिसते."

"तुमच्या अर्जात दिसत नाही," ती म्हणाली.

"माझ्या अर्जात गोंद दिसतो." आणि ते खदखदून हसले. पलीकडच्या बाईने वळून पाहिले. चिनात्सुने डोळे मिटून झोपल्याचे सोंग घेतले. या माणसाला लाज कशी वाटत नाही, एवढेच तिच्या मनात शिंजुकूपर्यंत घोळत होते.

सरकारी इमारतीतली भेटीची खोली लहान होती. इसोबे नावाचा परीक्षक चिनात्सुहून वयाने कमी. बोलण्यात अतिशय नम्र, आणि तितक्याच नम्रपणे तो जागचा तसूभरही हलत नव्हता.

"लेखात उताराचा उल्लेखच नाही," कुरोइवा समजावत होते. "आकृती नुसती कल्पना यावी म्हणून असते. एका तिरप्या रेघेवरून एवढं मोठं अनुमान..."

"पण रेघ आहे ना?" इसोबे म्हणाला. "मी नाही ओढलेली."

"नजरचूक असू शकते."

"असू शकते. पण या धंद्यातल्या जाणकाराने ही आकृती पाहिली, तर त्याला उतार दिसणारच. तेवढ्याने माझं काम होतं." त्याने कागद फिरवून त्यांच्यासमोर सरकवला. "माझी शंका निराळी आहे. कप्प्याच्या तळाला दोन तोंडं आहेत. एकातून शाई आत येते, दुसरं छिद्राकडे जातं. कुठलं कोणतं, ते इथे लिहायचं राहिलंय. शाई डावीकडून येत असेल, तर उतार छिद्रापाशी पडतो. म्हणजे हुबेहूब हिराबायाशीसानांची रचना. उजवीकडून येत असेल, तर उतार शाई आत शिरते तिथे आहे. मग त्याचा बुडबुड्याशी काही संबंध राहत नाही."

कुरोइवांनी पेन खाली ठेवले. ही गोष्ट त्यांच्याही लक्षात आली नव्हती.

"मी डावीकडून धरलंय," इसोबे म्हणाला. "पण संशोधक स्वतः आलेत, तर त्यांनाच विचारतो. मोमोसेसान, ही आकृती कशी वाचायची?"

चिनात्सुने टेबलाखाली मुठी आवळल्या. संपले. त्यांच्या विभागातल्या आकृत्यांत शाई डावीकडूनच येत असे. हा कायदा खुद्द मोमोसेसाहेबांचा होता. कारखान्यात आली त्या वर्षी तिने एकदा उजवीकडून शाई आणली, तर साहेबांनी सगळ्यांदेखत कागद फाडून हातात दिला होता. दुसऱ्या कंपन्यांच्या आकृत्याही ते आधी आरशातल्यासारख्या उलट्या छापून घेत आणि मगच बघत. नव्या पोरांना चहाचे मशीन कुठे आहे ते नंतर कळे, शाई कुठून येते ते आधी. आता हा माणूस छाती फुगवून डावीकडून म्हणेल, आणि तिची आठ वर्षे त्याच्या निरोपाच्या भाषणात जातील.

मोमोसेसाहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला.

"उजवीकडून," ते म्हणाले.

"उजवीकडून?"

"हो."

"मग हा उतार कशासाठी?"

"कशासाठीच नाही. माझं लक्ष गोंदाकडे होतं. पट्टी सरकली असेल."

"आणि तोंडांवर आकडे?"

"विसरलो."

इसोबेच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. "माफ करा, पण इतक्या अनुभवी माणसाकडून अशी आकृती पहिल्यांदाच पाहतोय मी."

"खरंय तुमचं," मोमोसेसाहेब म्हणाले आणि टेबलाला कपाळ टेकेल इतके खाली वाकले. टाळूवरचे विरळ केस दिव्यात चमकले. "फार वेंधळेपणा झाला."

इसोबेने काहीतरी टिपून घेतले. मग तो चिनात्सुकडे वळला.

"तुम्ही त्याच विभागात आहात. तुमच्याकडे पद्धत अशीच आहे का? उजवीकडून काढायची?"

कुरोइवा तिच्याकडे आशेने बघत होते. मोमोसेसाहेब अजून वाकलेलेच होते, त्यांचा चेहरा दिसत नव्हता. खरे बोलायचे तर एकच शब्द पुरला असता. तिच्या जिभेवर तो आलाही होता.

"त्या वेळी मी तिथे नव्हते," चिनात्सु म्हणाली.

तेही खरेच होते. त्या वेळी ती युएदाच्या शाळेत गणवेश घालून जात होती. इसोबेने मान डोलावली.

"बरं. तुमच्या लेखी उत्तरात हा मुद्दा स्पष्ट येऊ द्या. मला पुन्हा विचार करावा लागेल."

फाटकाबाहेर येईपर्यंत कुरोइवांनी कसाबसा दम धरला. मोमोसेसाहेब पाण्याची बाटली घ्यायला कोपऱ्यावरच्या यंत्राकडे गेले, तसे ते चिनात्सुकडे झुकून म्हणाले,

"मिळालं समजा! 'पुन्हा विचार करतो' म्हणजे यांच्या भाषेत मिळालंच. पण काय माणूस आहे हो हा! स्वतःच्याच आकृतीत शाई कुठून येते, पत्ता नाही. आणि हे विभागप्रमुख! त्या पोराने कशी हजामत केली, पाहिलंत ना?"

"गप्प बसा," चिनात्सु म्हणाली.

"अहो, मी आपलं..."

"गप्प बसा म्हटलं ना. तुम्हाला काय कळतं त्यांच्यातलं?"

कुरोइवांचा चेहरा पडला. त्यांनी बॅग बगलेत मारली, उत्तराचा मसुदा पाठवतो असे पुटपुटले आणि टॅक्सी थांबवून निघून गेले. दोन महिने तिने मोमोसेसाहेबांना मनातल्या मनात जे जे म्हटले होते, तेच हा बिचारा मोठ्याने म्हणाला होता.

साहेब बाटलीचे झाकण लावत परत आले.

"गेले वाटतं कुरोइवा? चला, सहाची गाडी मिळेल."

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"काय?"

"मला भीक नकोय तुमची. मी मागितली नव्हती."

"भीक कसली त्यात? दोन महिने मिरवलो. पुष्कळ झालं."

"एवढंच? डोक्यात येईल तेव्हा मिरवायचं, डोक्यात येईल तेव्हा सोडून द्यायचं! आणि मी काय समजू?" तिचा आवाज चढला. कचेऱ्या सुटल्या होत्या. काळ्या कोटांतली माणसे त्यांना वळसा घालून भुयारी रेल्वेच्या जिन्याकडे चालली होती. "तो उतार तुम्ही मुद्दाम काढला होता की पट्टी सरकली होती? खरं सांगा. मला कळायलाच हवं."

मोमोसेसाहेबांनी बाटली खिशात कोंबली.

"पेटंट आलं तर नाव कोणाचं असेल?"

"माझं."

"एकटीचं?"

"एकटीचं."

"मग तूच सांग. शाई कुठून येते?"

रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी फक्त एवढे म्हणावे की पट्टीच सरकली होती, शपथेवर म्हणावे, मग ती आयुष्यभर त्यांचा सुखाने तिरस्कार करायला मोकळी होती. आणि हा माणूस तेवढेही द्यायला तयार नव्हता. नव्या पोराच्या उत्तराची वाट बघावी तसा तो हात मागे बांधून उभा होता. आसपास विचारणारे कोणी नव्हते, लिहून घेणारे कोणी नव्हते.

"उजवीकडून," चिनात्सु म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली आणि गाडी चुकू नये म्हणून भराभर जिना उतरू लागले.