उठून उभा राहिलेला पाहुणा

सरकारी बातमी अशी होती की वकिलांनी तुरुंगात माफीनामा लिहून दिला, राजकारणाला रामराम ठोकला आणि आता ते परदेशात हवापालट करत आहेत. प्रत्यक्षात वकील एका गिरणीच्या शहरात, भावोजींच्या कारखान्यात, खुर्चीची बैठक वेतानं विणत बसले होते, आणि ते त्यांना जमत नव्हतं.

तुरुंगातून इस्पितळात नेताना ते पोलिसांच्या हातावर तुरी देऊन निसटले होते. छातीपर्यंतची दाढी उतरवली, चष्मा खिशात टाकला. थोरल्या बहिणीनं दारातच त्यांना न्याहाळलं.

"बरं झालं दाढी गेली," ती म्हणाली. "माणसात आलास."

या शहरात त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. लेख वाचलेले, 'वकील' हे नाव आणि ती दाढी ऐकून ठाऊक, एवढंच. आणि माफीची बातमी लोकांनी खरी धरली होती. गिरणीतला ठरलेला संप त्यामुळेच थंडावला. वकिलांना एकदाच या लोकांसमोर सांगायचं होतं की मी माफी मागितलेली नाही. त्यानंतर पोलिसांनी नेलं तरी हरकत नव्हती. पण सभांना बंदी होती. नाक्यावर पाच माणसं जमली की लाठी चाले. पत्रक काढण्यातही अर्थ नव्हता, कारण सरकारनंच त्यांच्या सहीची खोटी पत्रकं वाटली होती. छापील कागदावरचा विश्वास उडाला होता.

कारागिरांना भावोजींनी सांगितलं, हे आमच्या सासरकडचे पाहुणे, काम शिकायला आलेत. त्या दिवसापासून त्यांचं नाव पाहुणे पडलं. कारखान्यात घाई होती. गव्हर्नर येणार होते आणि मांडवातल्या खुर्च्यांचं काम भावोजींकडे आलं होतं. ओला वेत, सरस आणि लाकडाचा भुसा यांच्यात सगळे मांडी घालून बसत. सगळ्यात जुने कारागीर पक्कडकाका. पक्कड त्यांच्या हातातून जेवतानाच काय ती सुटे.

एका दुपारी पोलीस कप्तान खुर्च्या बघायला आले.

वकिलांनी मनाशी हिशेब केला. साधा माणूस अंमलदार आला की काय करतो? उठून उभा राहतो. आपल्याला साधं दिसायचं आहे. ते चटकन उठले, हात जोडले, मान खाली घातली.

मग त्यांच्या लक्षात आलं की कारखान्यात उभे असलेले आपण एकटेच आहोत.

पक्कडकाका वेत ओढत होते. दुसरा कारागीर खुर्चीचा पाय घासत होता. दारातला हमाल पोत्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "या साहेब, जपून, खिळे पडलेत." स्वरात उद्धटपणा नव्हता. फक्त कुणी उठलं नव्हतं.

ही चळवळ वकिलांचीच होती. अधिकारी आला तर उठायचं नाही; काम करत राहायचं, विचारलं तर नीट उत्तर द्यायचं. तसा त्यांचा लेख छापून आला आणि त्याच आठवड्यात त्यांना अटक झाली. पुढं काय झालं हे त्यांना कोठडीत कुणी कळवलं नाही. असे चार लेख विरून गेले, त्यातलाच हा एक, असं ते धरून चालले होते. आता भर दुपारी त्यांना कळत होतं की आपण लिहिलेलं एक अख्खं शहर करतंय, आणि मोडतोय तो आपणच. त्यांना हसू येत होतं. ते दाबताना खांदे हलले आणि कप्तानांना वाटलं, बिचारा घाबरून थरथरतोय.

कप्तान त्यांच्यापुढे बराच वेळ थांबले. या शहरात आल्यापासून त्यांच्यासाठी कुणी उठलं नव्हतं. न्हाव्यानंसुद्धा स्टुलावर बसून त्यांची हजामत केली होती.

"नाव काय तुझं?"

"इथं पाहुणा म्हणतात, साहेब."

"चांगला माणूस आहेस," कप्तान म्हणाले. खुर्च्या न बघताच ते गेले.

दार लागल्यावर पक्कडकाकांनी घसा खाकरला. "पाहुणे, गुडघ्यात काय स्प्रिंग आहे का?"

"सवय नाही हो काका."

"सवय नाही म्हणून कुणी उठतं का? आम्हाला बसायची सवय करावी लागली. माझा पुतण्या यापायी मार खाऊन आला." त्यांनी वेत कचकन तोडला. "तुमचंही बरोबर आहे म्हणा. ज्यानं आम्हाला बसायला सांगितलं, तोच तिकडं आडवा झाला."

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. चहावाल्यानं वकिलांना कप दिला तो बुडाशी चार थेंब ठेवून. "उभ्या उभ्या प्या," तो म्हणाला. "तुम्हाला आवडतं ना."

घरी ताईनं हे ऐकलं आणि तिला पोळी लाटवेना इतकं हसू लोटलं. "स्वतःच्या चळवळीला पहिला फितूर तूच निघालास की रे."

"ताई, सगळे बसले होते गं," वकील म्हणाले. हे ते चौथ्यांदा सांगत होते.

दोन दिवसांनी कप्तान पुन्हा आले ते थेट वकिलांकडे. गव्हर्नरांच्या स्वागताला जनतेतर्फे कुणीतरी दोन शब्द बोलायला हवे होते. नगरशेठ आजारी पडले होते, हेडमास्तर आजारी पडले होते, शहरात साथच होती म्हणा. "भाषण कचेरीतून लिहून मिळेल," कप्तान म्हणाले. "वाचता येतं?"

"अडखळत येतं, साहेब."

"चालेल. गर्दीची काळजी नको. त्या दिवशी गिरणी बंद ठेवून सगळ्या कामगारांना मैदानात आणतोय."

ते गेल्यावर भावोजींना घाम फुटला. "तुम्ही बोलाल, ते तुम्हाला नेतील. पण कारखान्याला कुलूप लागलं तर?"

उत्तर ताईनं दिलं. "लागलं तर अंगणात बसून विणाल. वेताला छप्पर लागत नाही." मग भावाकडे वळून म्हणाली, "सरकार मांडव घालून देतंय, माणसं आणून देतंय. बोलायचं तरी तूच बोल."

मैदान भरलं होतं. लोक अर्थातच बसून होते. वकील व्यासपीठावर गेले तेव्हा पुढच्या रांगेतून आवाज आला, "आला लोटांगणवाला." हशा पिकला. वकिलांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि कचेरीचा कागद दुमडून ठेवला.

"मी वकील," ते म्हणाले. "मी माफी मागितलेली नाही. परदेशातही गेलेलो नाही. सरकारनं आज गिरणी बंद ठेवली, त्यांचे आभार. उद्यापासून ते काम आपण करू."

खरं सांगायचं तर कुणाचा विश्वास बसला नाही. खुर्च्या विणणारा, गुळगुळीत हनुवटीचा, कप्तानापुढं हात जोडणारा माणूस म्हणतो मी वकील. एक बाई मोठ्यानं म्हणाली, "ऊन लागलं वाटतं बिचाऱ्याला."

वकिलांचा चेहरा उतरला. माणसं मिळाली, बोलायला मिळालं, आणि सगळं फुकट चाललं होतं.

तेवढ्यात कप्तान उठले. त्यांनी वॉरंटावरचा फोटो काढला, बोटानं दाढी झाकली, एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माणसाकडे.

"वकील," ते ओरडले. "हाच तो वकील. धरा त्याला."

मैदानात आधी कुजबुज झाली, मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. वकिलांची ओळख शहराला पटवून देण्याचं काम कप्तानांनी गव्हर्नरांच्या समक्ष पार पाडलं होतं.

हातात बेड्या पडल्या तरी वकील हसत होते. पक्कडकाका गर्दीतून वाट काढत गाडीपाशी आले.

"आधी सांगायचं होतंत," ते रागानं म्हणाले. "आम्ही काय काय बोललो तुम्हाला."

"बरंच बोललात. उद्याचं काय, काका?"

"उद्या गिरणीच्या दारात सतरंजी टाकतोय. आमचा पुतण्या सकाळपासून तिथं बसणार. चहा त्या चहावाल्याकडून. कप काठोकाठ भरायला सांगितलाय."

गाडी सुटली. सकाळी गिरणीचा भोंगा झाला, पुन्हा झाला, मग मॅनेजरनंच कंटाळून तो बंद केला.